मिनिएचर गेमच्या बॅक कव्हरवर काय लिहायचं

रूलबुक लिहायला दीड वर्ष लावलं आणि बॅक कव्हर एका संध्याकाळी उरकलं. ही चूक मला महागात पडली, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. माझा मिनिएचर गेम, म्हणजे टेबलावर शिपायांच्या छोट्या मूर्ती (मिनी) मांडून फाशांनी खेळायची लढाई, उंबरखिंडीवर आहे. फेब्रुवारी १६६१, करतलबखानाची फौज लोणावळ्याच्या बाजूने घाट उतरून कोकणात निघालीये आणि खिंडीच्या दोन्ही अंगाला झाडीत मावळे दबा धरून बसलेत. विषयच असा की अंगावर काटा येतो. आणि मी मागच्या कव्हरवर लिहिलं होतं, "सतराव्या शतकातला धगधगता महाराष्ट्र! चहूबाजूंनी शत्रू! अशा वेळी सह्याद्रीच्या कड्याकपारीत घुमली एक गर्जना..." अशा दहा ओळी. एका गेमिंग मीटला एकाने पुस्तक उचललं, मागचं सगळं वाचलं, मग सुलटं करून पानं चाळली आणि मला विचारलं, "भारीये, पण मिनी किती लागतात याला?"

हा प्रश्न त्याला विचारावा लागला म्हणजे मागचं पान वाया गेलं होतं.

मिनिएचर गेम घेणारा माणूस फक्त पुस्तकाची किंमत बघत नसतो, तो पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या रविवारांचा हिशोब करत असतो. ज्याने कधी एक तरी मिनी रंगवलीये त्याला हे सांगावं लागणार नाही. प्राइमर, बेसचे रंग, वॉश, हायलाइट, मग पायाखाली वाळू आणि गवत, २८ मिमीच्या एका माणसाला माझे तरी दोन तास सहज जातात. म्हणजे ६० मिनी लागणारा गेम १२० तास मागतो आणि १० मिनी लागणारा २० तास, आणि हा फरक दुकानात उभा असलेल्या माणसाला कोणत्याही गर्जनेपेक्षा जास्त भिडतो. ऑस्प्रे या प्रकाशनाने २०१५ साली काढलेला फ्रॉस्टग्रेव्ह हा गेम बघा, एका बाजूला जादूगार, त्याचा चेला आणि जास्तीत जास्त आठ शिपाई, झाल्या दहा मिनी, त्याही कुठल्याही कंपनीच्या चालतात, आणि फासा एकच, वीस बाजूंचा. एवढं कळलं की माणूस घरच्या डब्यात काय काय पडलंय ते आठवायला लागतो, आणि एकदा ते आठवायला लागला की अर्धा गेम विकला गेला असं समजा.

म्हणून आधी आकडे एका कागदावर उतरवा. खेळाडू किती, वेळ किती (नियम पाठ असलेल्या तुमचा वेळ नको, पहिल्यांदा खेळणाऱ्यांचा), मिनी किती आणि कुठल्या स्केलच्या, टेबल केवढं, फासे कुठले. हे सगळं तळाशी दोन-तीन ओळींत, सलग. माझ्या दुसऱ्या आवृत्तीत असं आहे: "दोन खेळाडू, दीड तास. २८ मिमीच्या ३६ मिनी (१२ मावळे, २४ मोगल), कुठल्याही कंपनीच्या. तीन फूट बाय तीन फूट टेबल, साधे सहा बाजूंचे फासे, मोजायला टेप. मिनी पुस्तकासोबत येत नाहीत." ते शेवटचं वाक्य लिहायला जीवावर येतं, मलाही आलं होतं, पण ते लिहाच. मी एकदा बॉक्सवरचा फोटो बघून एक सेट घेतला होता, फोटोत काय सुंदर दगडी बुरूज होता, घरी येऊन उघडलं तर बुरूज नाहीच, आत नुसत्या मिनी, त्यासुद्धा सुट्या भागांत. बुरूज वेगळा विकत घ्यायचा होता हे कुठेतरी बारीक अक्षरात असेलही, पण त्यानंतर त्या कंपनीचं काही घ्यायची इच्छाच झाली नाही. फोटोत रंगवलेल्या मिनी दाखवत असाल आणि आत करड्या प्लॅस्टिकच्या असतील, जोडायला गोंद लागणार असेल, तर तेही सरळ सांगा.

आता वरचा भाग, खरी पाठराखण, म्हणजे गेमची ओळख करून देणारा मजकूर. आपल्याकडे ऐतिहासिक गेमच्या बाबतीत एक अडचण असते, निकाल सगळ्यांना माहितीये. उंबरखिंडीत महाराजांनी खानाला कोंडलं, पाण्यावाचून फौजेचे हाल झाले आणि खान शरण आला, हे वाचकाने शाळेतच वाचलंय. तेच परत सांगून तो गेम का घेईल? त्याला हे सांगा की टेबलासमोर बसल्यावर त्याला काय ठरवावं लागणार आहे. तुमच्या गेममध्ये असा एखादा क्षण असतोच जिथे खेळाडू हातात फासे धरून गप्प बसतो, तो शोधा. प्लेटेस्टच्या वेळी, म्हणजे छापण्याआधी लोकांना गेम खेळायला देता तेव्हा, नोट्स काढा, लोक कुठे थांबतात, कुठे खुर्चीतून उठून टेबलावर वाकून बघतात. माझ्या गेममध्ये तो क्षण मावळ्यांच्या बाजूला होता, प्रत्येक फेरीला एकच प्रश्न, अजून थांबायचं का? त्यावरून मग हे लिहिलं:

"खानाची फौज खिंडीत शिरलीये. तुमचे बारा मावळे झाडीत आहेत, अजून कुणाला दिसलेले नाहीत. जितकं थांबाल तितके जास्त शत्रू आत अडकतील, पण त्यांची आघाडी पलीकडे निसटली तर डाव गेला. समोर खान म्हणून तुमचा मित्र बसलाय. त्याच्याकडे माणसं दुप्पट आहेत, पाणी मात्र सहाच फेऱ्यांपुरतं."

यात एकही उद्गारचिन्ह नाही आणि 'थरारक' हा शब्द नाही. पण दोन्ही बाजूंना काय करायचंय, कशाची भीती आहे ते कळतं, आणि खानाची बाजूही खेळावीशी वाटते, जे दोन जणांच्या गेममध्ये फार गरजेचं आहे कारण एकाला तो व्हावंच लागणार. नियमांची नावं मात्र इथे नकोत. 'डायनॅमिक ॲक्टिव्हेशन सिस्टिम' हा शब्द बनवणाऱ्याला प्रिय असतो, वाचणाऱ्याला त्यातून काही दिसत नाही. त्याऐवजी "तुमचा एक माणूस, मग समोरच्याचा एक" म्हणा, झालं.

हा गेम कुणासाठी आहे तेही एका वाक्यात यायला हवं. १९१३ साली एच. जी. वेल्सने खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम छापले तेव्हा शीर्षकाच्या खालीच वय लिहून टाकलं होतं, बारा वर्षांपासून दीडशे वर्षांपर्यंत. मराठी घरात हे वाक्य लिहिणं तर आणखी सोपं आहे, कारण मिनिएचर गेम म्हणजे काय हे माहीत नसलं तरी दिवाळीचा किल्ला सगळ्यांना माहितीये. मी लिहिलं, "दिवाळीत किल्ल्यावर मावळे मांडले असतील तर हा गेम तुमच्यासाठी आहे." माझ्या अख्ख्या कव्हरवर सगळ्यात जास्त बोलणं याच ओळीवर होतं, आया मुलांना ती वाचून दाखवतात.

बाकी कायद्याचं थोडक्यात. पुस्तक असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, घ्या, भारतात राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून मोफत मिळतो, आणि तेरा आकड्यांच्या बारकोडसाठी मागे एका कोपऱ्यात पांढरी जागा आधीच सोडा, नाहीतर तो शेवटी तुमच्या सगळ्यात चांगल्या फोटोवर बसतो. बॉक्स असेल तर एमआरपी, उत्पादकाचा पत्ता, महिना-वर्ष वगैरे लागतं, आणि १४ वर्षांखालच्या मुलांसाठी खेळणं म्हणून विकणार असाल तर आयएसआय मार्कचा विषय येतो, तो छपाईच्या आधी नीट समजून घ्या.

सगळं मिळून सव्वाशे शब्दांच्या वर जाऊ देऊ नका. मग गेम न खेळलेल्या कुणाला तरी ते वाचायला द्या, वीस सेकंदांनी काढून घ्या आणि विचारा, यात तू कोण आहेस, तुला काय करायचंय, मिनी किती लागतील. एखादं उत्तर चुकलं तर ती ओळ परत लिहा. आणि शेवटी खऱ्या साइजमध्ये एक प्रिंट काढाच. स्क्रीनवर काळ्या बॅकग्राउंडवरची अक्षरं झकास दिसतात, कागदावर शाई पसरून गिचमिड होते. ती प्रिंट साध्या ट्यूबलाइटखाली हातभर अंतरावर धरून वाचा, आणि मजकूर मावत नसेल तर शब्द कापा, फॉन्ट बारीक करू नका.