सबवूफरच्या बॉक्सचा हिशोब : या चुका टाळा

वूफर (बास वाजवणारा स्पीकर) नवा आहे, ॲम्पला (ॲम्प्लिफायरला) ताकद भरपूर आहे, वायरिंगही नीट आहे; तरी गाडीत बास एकाच सुरात घुमत राहतो. ढोलाचा ठोका कुठला आणि बास गिटार कुठला, ओळखू येत नाही. मग ॲम्पवर संशय घेतला जातो, इक्वलायझर खाली-वर केला जातो. बॉक्सकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं, आणि दोष बहुतेक वेळा तिथेच असतो. बंद बॉक्समधली हवा वूफरच्या कोनामागे (हलणाऱ्या पडद्यामागे) स्प्रिंगसारखी काम करते. हवा कमी पडली की स्प्रिंग कडक होते आणि खोल बास आधी जातो.

इंचावरून बॉक्स ठरवणं

"१२ इंची वूफरचा बॉक्स द्या" या मागणीतच गडबड आहे. १२ इंचाचा एक वूफर २५ लिटरमध्ये छान वाजतो, तर दुसऱ्याला ६० लिटर लागतात. वूफरसोबत येणाऱ्या कागदावर तीन आकडे शोधा : एफएस (Fs, मोकळा वूफर ज्या फ्रिक्वेन्सीवर आपोआप घुमतो), क्यूटीएस (Qts, ते घुमणं किती आवरलं जातं) आणि व्हीएएस (Vas, वूफरच्या सस्पेन्शनइतकीच लवचीक असणारी हवा, लिटरमध्ये). नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मापांपैकी ही तीन, आणि बंद बॉक्ससाठी ती पुरेशी आहेत.

समजा एफएस ३० हर्ट्झ, क्यूटीएस ०.५० आणि व्हीएएस ६० लिटर आहे. बॉक्समध्ये बसल्यावर सपाट, स्वच्छ आवाजासाठी क्यूटीसी (Qtc, बॉक्ससकट वूफरचा क्यू) ०.७०७ हवा. ०.७०७ ला ०.५० ने भागा, १.४१४ येतात. त्याचा वर्ग २, त्यातून १ वजा केला की १ उरतो. व्हीएएसला त्याने भागा : ६० लिटर. हाच वूफर २० लिटरमध्ये कोंबला तर क्यूटीसी १.० वर जातो, रेझोनन्स (आपोआप घुमण्याची फ्रिक्वेन्सी) ४२ वरून ६० हर्ट्झवर चढतो आणि ८५ हर्ट्झच्या आसपास उंचवटा तयार होतो. त्यात गाडीच्या केबिनचं स्वतःचं घुमणं मिसळलं की तो एकसुरी बास ऐकू येतो. जागेसाठी ०.८५ किंवा ०.९ पर्यंत तडजोड चालते, त्यापुढे नको.

बाहेरची मापं धरून लिटर काढणं

सगळ्यात जास्त बॉक्स इथे फसतात. बाहेरून ६० × ४० × ३५ सेंटिमीटरचा बॉक्स कागदावर ८४ लिटरचा दिसतो. तो १८ मिलिमीटरच्या एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) असेल तर प्रत्येक मापातून ३.६ सेंटिमीटर जातात. आत उरतात ५६.४ × ३६.४ × ३१.४, म्हणजे ६४.५ लिटर. वूफरची बास्केट (सांगाडा) आणि मॅग्नेट साधारण ३.५ लिटर खातात, आतल्या आधाराच्या पट्ट्या आणखी १ लिटर. हाती राहिले ६०. आपल्या वरच्या वूफरला हेच हवे होते, म्हणजे त्याच्यासाठी ८४ लिटरचं खोकं बांधावं लागतं. सुताराला ६० लिटरची बाहेरची मापं दिलीत तर वूफर उपाशीच राहणार.

पुढची फळी दुहेरी करणं चांगलंच, पण दुसरा थर आतून लावला तर या बॉक्समध्ये आणखी ३.७ लिटर कमी होतात. तेही आधीच धरा. कंपनीने दिलेल्या आकड्यात वूफरने व्यापलेली जागा धरली आहे की नाही, हे कागदावर वाचून घ्या. आकडा घनफुटात असेल तर १ घनफूट म्हणजे २८.३ लिटर. सुतार इंचात मोजत असेल तर आतली तिन्ही मापं गुणून ६१ ने भागा, लिटर मिळतात.

मागच्या सीटला टेकणाऱ्या तिरक्या बॉक्ससाठी वरच्या आणि खालच्या आतल्या खोलीची सरासरी घ्या. वर २०, खाली ३२ असेल तर खोली २६ धरायची. घाईत ३२ धरली की हिशोब २३ टक्क्यांनी फुगतो.

पोर्ट अंदाजाने कापणं

बंद बॉक्स थोडी चूक पोटात घालतो, पोर्टचा (बाहेर उघडणारा पाइप असलेला) बॉक्स घालत नाही. निव्वळ ५० लिटर, ट्यूनिंग (पाइपमधली हवा ज्या फ्रिक्वेन्सीवर घुमते ती) ३५ हर्ट्झ आणि आतून १० सेंटिमीटर व्यासाचा पाइप असेल तर लांबी ३१ सेंटिमीटर येते. आता वूफर, पट्ट्या आणि पाइपची जागा वजा करायची राहिली आणि प्रत्यक्षात ४० लिटरच उरले, तर तोच पाइप ३९ हर्ट्झवर ट्यून होतो. पाइपने व्यापलेली जागा बाहेरच्या व्यासाने मोजा. ११ सेंटिमीटर व्यास आणि ३१ सेंटिमीटर लांबी म्हणजे जवळजवळ ३ लिटर.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप बाहेरून ११० असतो. भिंत किती जाड आहे त्यावर आतला व्यास बदलतो, म्हणून व्हर्नियरने मोजल्याशिवाय हिशोब करू नका. आतून १०.४ सेंटिमीटर निघाला तर वरच्याच बॉक्सला ३४ सेंटिमीटर लांबी लागते. ४ मिलिमीटरच्या फरकाने ३ सेंटिमीटर वाढले! एकाऐवजी तसेच दोन पाइप लावायचे ठरवलं तर प्रत्येकाची लांबी दुपटीहून जास्त होते. १० सेंटिमीटरचे दोन म्हणजे प्रत्येकी ७०. पाइपचं आतलं तोंड समोरच्या भिंतीपासून निदान एक व्यास दूर ठेवा. पाइप आधी लांबच कापा, मग सेंटिमीटर-सेंटिमीटर कमी करत जा.

ट्यूनिंगच्या खाली कोनाला हवेचा आधार राहत नाही. कोन जोरात हलतो, आवाज मात्र नाही, आणि मधूनच 'टक्' असं ऐकू येतं. ती वूफरची कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) मागे आपटत असते. ३५ हर्ट्झच्या बॉक्सला ॲम्पवरचा सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारी सोय) २८ ते ३० वर ठेवाच.

एक छुपी चूक दोन कॉइलच्या वूफरमध्ये होते. एकच कॉइल जोडली, दुसरी मोकळी सोडली की क्यूटीएस जवळपास दुप्पट होतो. मग अचूक मापाचा बॉक्सही चुकीचा ठरतो. दोन्ही कॉइल जोडा.

तयार बॉक्स तपासताना

आधी गळती बघा. बंद बॉक्सचा कोन बोटांनी सगळीकडून सारखा, हलकेच दाबा, क्षणभर तसाच धरा आणि सोडा. तो सावकाश परत यायला हवा. झटकन आला तर बहुधा हवा कुठून तरी निसटते आहे. मोबाइलवरच्या टोन जनरेटरने ३० हर्ट्झ हळू आवाजात लावा आणि पेटती अगरबत्ती कार्पेटला लागू न देता सांध्यांजवळून, वायरच्या टर्मिनलभोवती फिरवा. धूर जिथे थरथरेल तिथे सिलिकॉन भरा. वूफर काढून आतून भरलात तर २४ तास सुकू द्या आणि मगच वूफर बसवा.

पोर्टचं ट्यूनिंगही असंच कळतं. कोनावर पांढऱ्या कागदाचा ठिपका चिकटवा आणि हळू आवाजातच ५० हर्ट्झपासून एकेक खाली या. ठिपका जिथे सगळ्यात स्थिर दिसेल ते ट्यूनिंग. ते हवं त्यापेक्षा वर असेल तर पाइप लांबवा, खाली असेल तर कापा.

बॉक्स मोठा निघाला तर दुरुस्ती सोपी आहे. १० × १० × १० सेंटिमीटरचा भरीव लाकडी ठोकळा म्हणजे १ लिटर. हवे तितके आतून फेव्हिकॉल आणि स्क्रूने घट्ट बसवा. लहान निघालेल्या बंद बॉक्समध्ये उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस सैल भरला तर बॉक्स १० ते २० टक्के मोठा असल्यासारखा वागतो. ६० च्या जागी २० लिटर असतील तर कापसाने काही होणार नाही, नवा बॉक्सच करावा लागेल.

मुंबई-पुण्याकडच्या ज्या सीएनजी गाड्यांत सिलिंडर डिकीत असतो, तिथे उरलेल्या कोपऱ्यात १२ इंची दाबून बसवण्यापेक्षा १५-२० लिटरच्या बंद बॉक्सवर समाधानी असणारा ८ किंवा १० इंची निवडा. बॉक्स सिलिंडरला टेकू देऊ नका, व्हॉल्व्हपर्यंत हात पोचेल इतकी जागा सोडा. कोकणात किंवा पावसात डिकी ओलसर राहत असेल तर एमडीएफच्या कापलेल्या कडा फुगतात, सांधे उघडतात आणि गळती पुन्हा सुरू होते. तिथे बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) प्लाय घ्या, त्याची जाडी मोजूनच हिशोब करा आणि बॉक्सखाली रबरी पाय लावा.