कार्ड गेलं? लॅमिंग्टन रोडची वाट धरण्याआधी हे करा

गेल्या पावसाळ्यात आमच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर हिरव्या-जांभळ्या चौकटी नाचायला लागल्या. भाचा लगेच म्हणाला, "मामा, ग्राफिक्स कार्ड गेलं. नवीन घेऊया." ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा भाग. भाच्याच्या आवाजात दुःख कमी आणि आनंद जास्त होता. बजेट वीस हजारांचं, त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारात घाईने धावणं परवडणार नव्हतं. तेव्हा जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

आधी चोर पकडा

कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा. आता कार्ड काढा. कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीवरच्या (मदरबोर्ड) ज्या खाचेत कार्ड बसतं, त्या स्लॉटच्या टोकाला एक छोटी प्लास्टिकची खिट्टी असते. ती आधी दाबायची, नाहीतर ती तुटते आणि मग जीव हळहळतो. कार्डाच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्या दिसतील. मुंबईच्या दमट हवेत त्यांच्यावर धुळीचा चिकट थर बसतो. शाळेतल्या मुलांचा पांढरा खोडरबर त्यावर हलक्या हाताने फिरवा आणि त्याचे कण कोरड्या ब्रशने झाडा. आमच्या खोडरबराला काळी रेघ उमटली होती. पंखा बोटाने फिरवून बघा, अडत असेल तर कार्ड तापणारच. मग 'खट्' आवाज येईपर्यंत कार्ड परत बसवा आणि मॉनिटरची केबल बदलून पाहा.

तरीही चौकटी दिसल्या तर त्या कधी दिसतात ते बघा. फक्त विंडोज सुरू झाल्यावर दिसत असतील तर ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, दोष असू शकतो. 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू करून) चालवून जुना ड्रायव्हर साफ करा आणि नवा टाका. पण विंडोजच्या आधी येणाऱ्या बायॉसच्या स्क्रीनवरच चौकटी असतील तर ड्रायव्हर निर्दोष, कारण तो तेव्हा सुरूच झालेला नसतो. गेम सुरू केल्याबरोबर अख्खा कॉम्प्युटर फटकन बंद पडत असेल तर संशयित एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे कार्ड दुसऱ्याच्या मशीनमध्ये लावून पाहणं. आम्ही ते बोरिवलीला भाच्याच्या मित्राकडे घेऊन गेलो. तिथेही त्याच चौकटी, विषय संपला.

वॉरंटी शिल्लक आहे का, हे बिलावरची तारीख आणि कार्डावरचा सिरियल नंबर घेऊन तपासा. गंज दिसला तर वॉरंटी नाकारता येईल अशी अट अनेक कंपन्यांची असते, आणि समुद्राकाठच्या शहरात ती नेमकी आपल्याला नडते. चिप गरम करून कार्ड जिवंत करून देणारे कारागीरही बाजारात आहेत. पण असं उठवलेलं कार्ड पुन्हा कधी झोपेल याचा नेम नसतो, म्हणून मी त्यावर पैसे घालत नाही.

कार्ड लागतंच का?

बँकेची कामं, टॅली, यूट्यूब एवढंच करत असाल तर कदाचित नाही. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' नसेल तर बहुतेक वेळा त्याच्यात स्वतःचं ग्राफिक्स असतं. रायझन ५ ५६०० मध्ये ते नाही, ५६००जी मध्ये आहे. असेल तर मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या मागच्या पोर्टला लावा, काम भागेल. आमचा प्रोसेसर आय-५ १०४००एफ, म्हणजे ती वाट बंद.

एसएमपीएसचं स्टिकर वाचा

लोक नेमकं इथेच फसतात. कार्डांच्या याद्या पाठ असतात, पण स्वतःच्या कॅबिनेटमधला वीजपुरवठा कोणी पाहिलेला नसतो. आमच्या एसएमपीएसवर ठळक अक्षरांत ४५० वॅट छापलं होतं. खालच्या बारीक तक्त्यात मात्र १२ व्होल्टच्या रकान्यात फक्त १६ अँपिअर. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच १२ व्होल्टवर जगतात. बाकीचा आकडा शोभेचा.

भाच्याला हवं होतं एएमडीचं आरएक्स ६६०० कार्ड. त्याला १३२ वॅट लागतात आणि आमचा प्रोसेसर ६५ वॅटचा. बेरीज १९७. स्टिकरवरच गणित फसलं.

स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. सहा पिनांची वायर आणखी ७५ देते, आठ पिनांची १५०. तुमच्या एसएमपीएसला अशी वायरच नसेल तर कुणी दुकानदार हार्ड डिस्कच्या साटा वायरवर चालणारा अडॅप्टर पुढे करेल. तो घेऊ नका. साटाच्या त्या जोडाला १२ व्होल्टवर ५४ वॅटच झेपतात. त्यावर भूक असलेलं कार्ड चालवलं तर प्लास्टिक वितळतं.

थोडक्यात दोनच मार्ग उरतात. एकतर चांगल्या कंपनीचा नवा एसएमपीएस धरून बजेट मांडा, नाहीतर स्लॉटच्या विजेवर भागणारं कार्ड घ्या.

मग कार्ड निवडा

जीटी ७१० आणि ७३० ही फक्त पडदा उजळायला, त्यांच्यावर गेम किंवा एडिटिंगची आशा ठेवू नका. जीटी १०३० दोन प्रकारांत येतं. डीडीआर४ मेमरीचं जीडीडीआर५ वाल्यापेक्षा फारच संथ आहे, आणि डब्यावर ते बारीक अक्षरांत असतं. २०१६ चं जीटीएक्स १०५० टीआय कुणी स्वस्तात देत असेल तर लक्षात ठेवा, त्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर मिळणं बंद झालंय.

आरएक्स ६५०० एक्सटीचा मोह मलाही झाला होता. पण ते स्लॉटच्या फक्त चार लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, वापरतं. आमच्यासारख्या जुन्या स्लॉटच्या (पीसीआय एक्स्प्रेस ३.०) बोर्डवर त्याचा वेग चांगलाच पडतो, शिवाय त्यात व्हिडिओ रेकॉर्ड करायला लागणारा एन्कोडर नाही. इंटेलचं आर्क ए३८० चांगलं आहे, पण बोर्डात रिसाइझेबल बार (कार्डाची सगळी मेमरी प्रोसेसरला एकदम वापरू देणारी सोय) असेल तरच.

उरलं आरटीएक्स ३०५०. याच नावाने दोन वेगळी कार्डं विकली जातात. २०२२ चं ८ जीबीचं १३० वॅट खातं, तर २०२४ चं ६ जीबीचं ७० वॅट. दुसरं थोडं हळू आहे, पण बरीच मॉडेल्स जादा वायरीशिवाय चालतात. आम्ही तेच घेतलं आणि एसएमपीएस दिवाळीत बदलला. तुमचा एसएमपीएस दणकट असेल तर मात्र डोळे मिटून आरएक्स ६६०० घ्या, ते बरंच वेगवान आहे.

जाण्याआधी कॅबिनेटमधली जागा टेपने मोजा. ऑफिसातून निघालेला चपटा पीसी असेल तर लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं, कार्डच बसतं. मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल तर एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर लागेल.

बाजारात

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरलात की लॅमिंग्टन रोड जवळच. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी विचारताना जुनंच नाव घ्या. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. भाव विचारताना "जीएसटीसकट किती?" असंच विचारा, कारण १८ टक्के नंतर जोडले की हिशोब कोलमडतो. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि तो डब्यावरच्या आणि कार्डावरच्या नंबराशी तिथेच जुळवा.

सेकंड हँड घेत असाल तर दुकानातच कार्ड लावायला सांगा. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडा. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेलं एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ते बऱ्याचदा नावाआधी 'फेक' असं दाखवतं. आरएक्स ५८० असेल तर त्यातच दिसणारा शेडरचा (चिपमधल्या छोट्या गणनयंत्रांचा) आकडा २३०४ हवा. २०४८ दिसला तर ती कमी ताकदीची आवृत्ती आहे. मग कार्डावर पूर्ण ताण टाकणारं फरमार्क हे सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवा. दुकानदार कुरकुरला तर पुढचं दुकान गाठा, तिथे दुकानांना तोटा नाही.

घरी आल्यावर

जुना ड्रायव्हर काढून कार्ड बसवा, स्क्रू घट्ट करा आणि नव्या ड्रायव्हरसाठी कंपनीच्याच साइटवर जा.

आमच्याकडे भाच्याने सगळं नीट केलं आणि बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळाच. "मामा, हेही गेलं?" त्याचा चेहरा पडला. मी कॅबिनेटच्या मागे वाकून पाहिलं, तर केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली. ती काढून दोन इंच खाली कार्डाला लावली.