नवी प्रजाती मांडण्याआधी सिस्टचं दार शोधा

ठाणे-नवी मुंबईत राहून डायनोफ्लॅजेलेट या पाण्यातल्या एकपेशीय सूक्ष्मजीवांच्या जीवाश्म सिस्टकडे, म्हणजे टणक कवचांकडे, वळणाऱ्यांनी पारसिकचा डोंगर फोडायला जाऊ नये. तो लाव्ह्याचा बेसाल्ट. समुद्रात साचलेला गाळ त्यात नाही. हात बसवायला खाडीचा बारीक चिखल घ्या. तो १२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळा, २० च्या चाळणीवर उरेल ते ग्लिसरीन जेलीत बसवा. यात सापडतील त्या आजच्या सिस्ट, पण डोळा तयार होतो.

शेलचा, म्हणजे चिखलाच्या थरांपासून बनलेल्या खडकाचा, नमुना मात्र प्रयोगशाळेतच. आधी हायड्रोक्लोरिक आम्ल, नंतर हायड्रोफ्लोरिक. क्रम चुकला की चुन्यातल्या कॅल्शियमचं फ्लोराइड होतं आणि स्लाइड गढूळ दिसते. हायड्रोफ्लोरिक काच खातं, कातडीतून आत उतरतं. प्लॅस्टिकची भांडी, फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं कपाट) आणि आम्ल अंगावर पडल्यास लावायला कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हवंच. एकट्याने कधीही करू नका. नायट्रिक आम्ल जास्त वेळ ठेवलं तर पेरिडिनॉइड या डायनोफ्लॅजेलेटच्या एका गटातल्या नाजूक सिस्ट आधी नष्ट होतात.

आता खरं काम. नवखा माणूस सिस्टवरच्या काट्यांवर भाळतो. पण लिंग्युलोडिनियम मॅकेरोफोरम या एकाच जातीत, पाण्याची क्षारता घटली की काटे आखूड होतात. नुसत्या लांबीवर प्रजाती (जीनस) उभी करू नका. आधी आर्किओपाइल पाहा, म्हणजे पेशी बाहेर पडली ते दार: किती पट्ट्या (कवचाचे तुकडे) निखळल्या, कोणत्या? स्पिनिफेरायटिस या प्रजातीत पाठीकडची तिसरी प्रीसिंग्युलर पट्टी (कमरेच्या खाचेच्या लगेच वरच्या ओळीतली) जाते, पेरिडिनॉइड सिस्टमध्ये बहुधा इंटरकॅलरी (त्या ओळीच्या आणि टोकाच्या पट्ट्यांच्या मधली).

पट्ट्या मोजताना सगळ्यात मोठा घोटाळा फोकसचा. खालच्या फोकसला पलीकडची भिंत आतून दिसते, म्हणजे डावं-उजवं उलटतं. पट्ट्यांना क्रमांक देण्याच्या कोफॉइडच्या पद्धतीत प्रीसिंग्युलर क्रमांक सल्कसजवळ (पोटाकडच्या उभ्या खाचेजवळ), पेशीच्या डाव्या बाजूने सुरू होतात; पोट तुमच्याकडे असेल तर ती तुमची उजवी. म्हणून प्रत्येक नमुन्याचे वरचा, मधला, खालचा असे तीन फोटो काढा आणि कोणता फोकस ते तिथेच लिहा.

निदान वीस-तीस नमुने मोजून किमान, सरासरी, कमाल द्या. दोनच सिस्ट हाती असतील तर थांबा. नावाला शैवाल, बुरशी आणि वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता लागू होते: निदानलक्षणं लॅटिन किंवा इंग्रजीत, प्रजातीची प्रकार-जाती ठरलेली, तिचा होलोटाइप (नाव ज्याला बांधलं तो एकच नमुना) चित्रासह, आणि तो कुठे ठेवला तेही. स्लाइडवर त्याची जागा इंग्लंड फाइंडरच्या (चौकटी आखलेल्या काचपट्टीच्या) आकड्यांत नोंदवा. नुसत्या स्लाइड क्रमांकावर ती एक सिस्ट पुढच्या माणसाला सापडत नाही. तेच नाव एखाद्या फुलझाडाला किंवा बुरशीला आधी दिलेलं असेल तर तेही चालत नाही.