जुन्या सायकलचं तीन गिअरचं हब चालतं कसं करायचं

वाड्याच्या जिन्याखालून जुनी रॅले किंवा हंबर बाहेर निघाली आणि मागच्या चाकाच्या मधोमध डबीएवढं जाड हब दिसलं, तर आधी त्यावरचा मळ पुसा. स्टर्मी-आर्चर कंपनीचं नाव, ‘एडब्ल्यू’ ही मॉडेलची अक्षरं आणि बहुधा वर्षाचे दोन आकडे कोरलेले सापडतील. १९३६ पासून २००० पर्यंत इंग्लंडात नॉटिंगहॅमला बनलेलं हे हब सहसा मरत नाही. मधल्या गिअरला दातेरी चक्राच्या एका फेऱ्याला चाकाचा एक फेरा, पहिल्याला २५ टक्के कमी, तिसऱ्याला ३३ टक्के जास्त, एवढंच त्याचं गणित. ‘गिअर गेलेत, काढून साधं फ्रीव्हील टाकू’ असं कुणी म्हणालं तर सायकल तिथून उचला. बहुतेक वेळा आत काही मोडलेलं नसतं. तेलाचा चिकटा झालेला असतो, किंवा वायरचा ताण चुकलेला असतो.

चिकटा काढणं सोपं. हबवरच्या तेलाच्या टोपणातून दोन-तीन चमचे डिझेल सोडा, चाक दोन्ही बाजूंनी फिरवा, रात्रभर खाली पत्र्याचा डबा ठेवून आडवं टाका. काळं पाणी यायचं थांबेपर्यंत हेच परत. मग एसएई २० किंवा ३० जाडीचं तेल एक चमचा, पुढे महिन्याला काही थेंब. शिलाई मशीनचं तेल पातळ, ते आठवड्यात गळून जातं. ग्रीस आत घालाल तर दाते पकडणाऱ्या बारीक खिट्ट्या जागच्या जागी चिकटतील. आणि खोबरेल? ते पंचविशीच्या खाली गोठतं. पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी हबात काय होईल याचा विचार करा.

आता वायर. लहान मुलालाही जमेल असं काम वाटतं आणि इथेच लोक महिनोन्‌महिने अडकतात.

आधी उजव्या बाजूचा आसाचा नट पाहा. तो लांबट, एका बाजूला खिडकी असलेला आणि तोंडाशी गोलाई दिलेलाच हवा. त्यातून बाहेर येणारी बारीक साखळी त्या गोलाईवरून वळते. साधा नट लावला तर त्याची कड साखळीला करवतीसारखी कापते. साखळीच्या टोकाची काडी आसाच्या पोकळीत बोटांनी पूर्ण आत फिरवा, मग साखळी वायरच्या रेषेत येईपर्यंत उलटी फिरवा, पण अर्ध्या फेऱ्याच्या आत. पक्कड लावू नका. काडी आत तुटली तर हब उघडल्याशिवाय ती निघत नाही. चाक काढायचं असेल तेव्हाही आधी साखळी सोडा, मगच नट.

दांडीवरची क्लिप, जिच्यात वायरचं आवरण अडकतं, ती हलता कामा नये. ती दोन मिलिमीटर सरकली तरी पुढची सगळी जुळवणी वाया. खाली सुती फीत गुंडाळा. ट्यूबचं रबर दबतं, ते नको.

आता हँडलवरचा खटका मधल्या गिअरवर आणा, पेडल थोडं मागेपुढे करा आणि नटाच्या खिडकीतून आत बघा. काडी जिथे संपते आणि साखळी सुरू होते, ती जागा आसाच्या टोकाशी बरोबर समपातळीत हवी. काडी अजून आत असेल तर वायर सैल आहे, बाहेर आली असेल तर जास्त ओढलेली. साखळीच्या शेवटचा खाचांचा बारीक नट फिरवून जुळवा आणि लगेच त्याचा लॉकनट बोटांनी आवळा. मग तिसऱ्यावर टाकून साखळीला किंचित ढील आहे का बघा. ढील नसेल तर तिसरा गिअर नीट पकडणार नाही.

एवढा आग्रह का, तर दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे एक पोकळ जागा आहे. वायर सैल असली की दुसरा गिअर ओझ्याखाली त्या पोकळीत घसरतो आणि पेडल एकदम मोकळं फिरतं. चढावर उभं राहून पेडल मारत असाल तर थेट दांडीवर आपटाल. जुळवणी तपासल्याशिवाय पेडलवर उभं राहायचं नाही, ही अट आहे. कानानेही तपासता येतं: पेडल मारताना दुसऱ्या-तिसऱ्यात आतून टिकटिक येते, पहिल्यात शांतता हवी. पहिल्यातही टिकटिक आली तर वायर अजून ओढा.

एवढं करूनही घसरत असेल तरच हब उघडा. उजवी छर्ऱ्यांची रिंग पंच आणि हातोडीने सोडवण्याआधी तिच्यावर आणि हबवर समोरासमोर खूण करा. तिचे आटे दुहेरी सुरुवातीचे असतात, चुकीच्या तोंडाने बसली तर चाकाचा सरळपणा बिघडू शकतो. या रिंगमधले छर्रे ३/१६ इंची, मोजून ठेवा. बंद करताना उजवा कोन, म्हणजे आसावरचा शंकूच्या आकाराचा नट, बोटांनी आवळून अर्धा फेरा मागे आणि तिथेच लॉक. बाकीचा ढिलेपणा डाव्या कोनाने काढा. रिमजवळ जेमतेम जाणवेल इतकी हालचाल राहू द्या. आत गिअर जोडणाऱ्या, क्रॉसच्या आकाराच्या क्लचचे कोपरे गोल झाले असतील तर तो बदलावाच लागतो. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी मोडकं हब मिळालं तर त्यातला क्लच काढून घ्या. गिअरची बारीक साखळी घेताना जुनी सोबत न्या, कारण आसाच्या लांबीप्रमाणे काडीची लांबी बदलते.

शेवटची चाचणी सेनापती बापट रस्त्याच्या चढावर, पहाटे वाहनं नसताना, खाली बसून. गिअर बदलताना क्षणभर पाय थांबवा. चढ उतरून आल्यावर क्लिप आणि लॉकनट पुन्हा तपासा, नवी वायर पहिल्या दिवशी ताणतेच.