केळीत हरण्या नको असेल तर आधी बांध बघा

मृगबाग, म्हणजे जून-जुलैतली केळी, लावली की पावसाळ्यात जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडचे फोटो शेतकऱ्यांच्या ग्रुपवर सुरू होतात, पानावर पिवळे पट्टे, पान आकसलेलं, कडा वेड्यावाकड्या, आणि खाली एकच प्रश्न, दादा कोणतं औषध मारू? हा हरण्या, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, आणि तो लागलेल्या झाडाला औषधच नाही. कोणी बाटली हातात देत असेल तर परत करा, पैसे तरी वाचतील.

येतो कुठून? कधी रोपातूनच, म्हणून टिश्यूची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं व्हायरस टेस्ट केलेली घ्या. नाहीतर बांधावरून. केना, धोत्रा, रिंगणी, गाजर गवत, रानातलं शेंदाड, शेतात पीक नसलं तरी यांच्यात तो तग धरतो, आणि तण बऱ्याचदा वरून हिरवंगार दिसतं, त्यामुळे रोगट दिसतंय तेवढंच उपटू असा हिशोब करू नका.

मध्ये दलाली करतो मावा, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड. तणावर सोंड खुपसली की काही सेकंदांत व्हायरस सोंडेला लागतो, मग उडून केळीवर बसला आणि चव बघायला एकदा टोचलं की झालं काम. बरं तो केळीवर मुक्काम ठोकेलच असं नाही. त्यामुळे केळीवर कितीही फवारा मारा, तो मरायच्या आत व्हायरस झाडात गेलेला असतो.

म्हणून साफसफाई लागवडीच्या आधी. रोपं लावून झाल्यावर बांधाला हात घालणार असाल तर जरा थांबा, केन्याचे शेंडे आणि पानांची खालची बाजू उलटून बघा, मावा असेल आणि तुम्ही तसंच उपटलं तर तो सगळा उडून शेजारच्या कोवळ्या केळीवरच जाणार. आधी बांधावर मावानाशक मारायचं, लेबलवर लिहिलंय तेवढंच, एक-दोन दिवसांनी तण काढायचं.

केन्याला विळा लावून उपयोग नाही, प्रत्येक पेराला मुळं फुटतात आणि तुकडा ओल्या मातीत पडला की परत उभा. मुळासकट उपटा, गोळा करा, शेताबाहेर उन्हात पार वाळू द्या. तणनाशक मारायचंच असेल तर वारा पडल्यावर, नाहीतर रोपंच करपतील.

पहिले तीन-चार महिने दर चार-पाच दिवसांनी बागेत चक्कर मारा. पट्टेवालं झाड दिसलं की गड्ड्यासकट काढून बाहेर जाळा किंवा पुरा, नुसतं वरून कापलं तर गड्ड्यातून फुटणारी पिलंही रोगटच येतात. नांग्या, म्हणजे रिकाम्या झालेल्या जागा, लगेच नवीन रोपं लावून भरून घ्या.

आणि केळीत काकडी, कलिंगड, मिरची ही आंतरपिकं नकोत, त्यांनाही हाच व्हायरस लागतो. शेजाऱ्याच्या बांधावर केना माजला असेल तर एक दिवस दोघांनी मिळून मजूर लावा, मावा काही सातबारा बघून उडत नाही.