घरातल्या घरात कॉपी स्लो? राऊटर बदलायच्या आधी एवढं हाताशी ठेवा

एका पीसीवरून दुसऱ्यावर किंवा नॅसवर (नेटवर्कला जोडलेला फाईली साठवायचा डबा) फाईली टाकताना जीव मेटाकुटीला येतो म्हणून लगेच नाशिकच्या एमजी रोडला नवा राऊटर बघायला पळू नका राव, एक सकाळ काढा, सामान गोळा करा आणि मग बसा, कारण अशा वेळी दोष बऱ्याचदा किरकोळ वायरीत निघतो आणि पैसे मात्र डब्यावर जातात.

आधी दोन प्रकारचा माल काढून ठेवा. एक चार-पाच जीबीची सलग फाईल, लग्नाचा व्हिडिओ असला तरी चालेल, आणि एक फोल्डर ज्यात हजारभर बारीक फोटो आहेत. दोन्ही वेगवेगळे कॉपी करून बघायचे. व्हिडिओ सुसाट जातोय आणि फोटोच रडतायत, तर वायरीला हात लावू नका, प्रत्येक फाईल उघडायची-बंद करायची त्यात वेळ जातो आणि वर अँटिव्हायरस एकेक फाईल तपासत बसतो. झिप करून सगळ्यांची एकच फाईल करा आणि पाठवा, विषय संपला.

कागद-पेन घ्या, खरंच घ्या. कॉपीच्या खिडकीत दिसतो तो आकडा मेगाबाईटचा, वायरीचा वेग मेगाबिटमध्ये, म्हणजे भागिले आठ. १०० मेगाबिटची लिंक (म्हणजे दोन टोकांमधली जोडणी) असेल तर हिशोबाने १२.५ येतात पण हातात पडतात ११ च्या आसपास, आणि गिगाबिटला, म्हणजे १००० मेगाबिटला, ११० च्या आसपास. त्यामुळे मोठ्या फाईलला आकडा ११ वर येऊन चिकटला आणि तिथून हलेचना, की समजायचं कुठेतरी लिंक १०० वर घसरलीय. १०० जीबीला अडीच तास विरुद्ध पाव तास, एवढा फरक आहे हा, २०२७ च्या सिंहस्थात शूटिंग करायचा ज्यांचा प्लॅन आहे त्यांनी तर हे आत्ताच बघून घ्या. आणि इंटरनेटचा प्लॅन कितीचा आहे याचा इथे काडीचाही संबंध नाही, नेटवाल्याला फोन करून भांडू नका.

आता मुख्य सामान: कंपनीतून क्लिप बसवून आलेली एक छोटी कॅट ५ई किंवा कॅट ६ जातीची नेटवर्क केबल, आणि टॉर्च. केबलमध्ये आठ तारा म्हणजे चार जोड्या असतात, १०० ला त्यातल्या दोनच लागतात, गिगाबिटला चारही. म्हणून निळी किंवा तपकिरी जोडी तुटली तरी नेट चालू राहतं, यूट्यूब चालतं, कोणाला काही कळत नाही, फक्त वेग गुपचूप खाली येतो. पारदर्शक क्लिपमध्ये टॉर्च मारून बघा, आठही तारा टोकापर्यंत पोचल्यात का, की कडेची तपकिरी दोन मिलिमीटर आधीच थांबलीय. गॅलरीतून वरच्या मजल्यावर नेलेली केबल असेल तर ती आधी बघा, एप्रिल-मेच्या उन्हात वरचं आवरण तडकतं, मग पाऊस आत शिरतो. स्वस्तातल्या केबलीत तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनिअम असतं, जरा दुमडलं की कामातून गेलं. भिंतीतली केबल काढायची गरज नाही, दोन्ही पीसी एका खोलीत आणून छोट्या केबलीने जोडा, वेग आला तर चोर भिंतीत आहे.

राऊटर उलटा करून मॉडेल नंबरचा फोटो काढून ठेवा. खोक्यावर मोठमोठे आकडे वायफायचे असतात, मागचे पोर्ट कित्येकदा १०० चेच निघतात, काही डब्यांत चारपैकी एकच गिगाबिट. तसं असेल तर पाच पोर्टचा साधा गिगाबिट नेटवर्क स्विच (अनेक केबली एकत्र जोडायचा डबा) आणा, दोन्ही पीसी त्यात लावा, राऊटर राहू दे तसाच.

वायफायवर टेस्ट करू नका, झालं. दोन्ही पीसी वायफायवर असले की तोच डेटा हवेतून दोनदा जातो, आणि पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती असोत नाहीतर पाथर्डी फाट्याच्या टॉवरमधली शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी असो, आकडा दर मिनिटाला बदलणार.

दोन्ही मशीनवर आयपर्फ (iperf) नावाचं सॉफ्टवेअर आधीच टाकून ठेवा, फुकट आहे. हे डिस्कला हात न लावता फक्त नेटवर्क मोजतं. तिथे ९४० मेगाबिटच्या आसपास दिसतायत आणि कॉपी तरीही रांगतेय, तर नेटवर्कला शिव्या देणं थांबवा आणि डिस्क बघा. यूएसबी २ च्या पोर्टात लावलेली बाहेरची हार्ड डिस्क ३०-४० मेगाबाईटच्या पुढे जातच नाही, आणि काही मोठ्या हार्ड डिस्क सुरुवातीला मस्त पळतात आणि कॅश (आतली तात्पुरती जागा) भरला की बसकण मारतात.

बसायच्या आधी क्लाऊड सिंक बंद करा, पोरांना टीव्ही नॅसवरून लावू नका म्हणून सांगा, आणि टेस्टच्या फाईली कॉपीच करा, कट करू नका, मध्येच वायर उपसावी लागणार आहे.