कोकणातला छोटा धंदा: भागीदारी, ओळखीपाळखी आणि सोशल मीडियातल्या या चुका टाळा

कोकणात धंद्याचा खरा हिशेब मे महिन्याच्या शेवटी कळतो. पर्यटक परतलेले असतात, आंब्याच्या रिकाम्या पेट्या पडवीत रचलेल्या असतात, आणि मग सुरू होतं. "त्याने अ‍ॅडव्हान्स किती घेतला होता?" "ते गिऱ्हाईक माझं होतं." "रील हजारो लोकांनी बघितलं, बुकिंग एकच आलं." माझ्याकडे वह्या घेऊन येणाऱ्यांत होमस्टेवाले, होडीवाले, कोकम-काजूवाले असे सगळेच असतात. बहुतेक तक्रारींच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते: जे सुरुवातीलाच बोलायला हवं होतं ते भिडेपोटी कुणी बोललंच नाही. ओळखी आपल्याकडे मुबलक आहेत, पण त्यांतला व्यवहार आपण गृहीत धरून चालतो.

"आपलाच माणूस" म्हणून भागीदारी तोंडी ठेवणं

जागा एकाची, पैसे मुंबईतल्या मावसभावाचे, आणि रांधणं-वाढणं, चादरी धुणं, रात्री अकराला आलेल्या पाहुण्यांना उठून चहा देणं हे सगळं गावातल्या वहिनींचं. कागदाचा विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं: "कागद कित्याक होयो? आपण काय परके?" पहिलं वर्ष गोडीत जातं, कारण वाटून घ्यायला फारसं काही नसतं. नाताळात सगळ्या खोल्या भरायला लागल्या की प्रत्येकाच्या डोक्यातला वाटा वेगळा होता हे समजतं.

भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा आहे आणि तो तोंडी भागीदारीही मानतो. पण तुम्ही काही ठरवलं नसेल तर तो स्वतःचे नियम लावतो, आणि ते अनेकांना धक्का देणारे असतात. कलम १३ प्रमाणे नफा-तोटा सगळ्यांत सारखा वाटला जातो, मग एकाने आठ लाख घातलेले असोत आणि दुसऱ्याने दोन. भागीदाराला कामाचा वेगळा मेहनतानाही मिळत नाही. म्हणजे वहिनी भागीदार असतील तर दिवसरात्र राबल्याचे पैसे त्यांना वेगळे मागता येणार नाहीत, ते आधी ठरलेलं असावं लागतं. कलम २५ प्रमाणे फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार जबाबदार. एकाने धंद्यासाठी उधारीवर लाद्या आणल्या, तर दुकानदार वसुलीला दुसऱ्याच्या दारातही उभा राहू शकतो. आणि फर्मची नोंदणी नसेल तर कलम ६९ आडवं येतं: मुंबईच्या एजंटाने बुकिंगचे पैसे थकवले, तरी करारावर बोट ठेवून फर्मला त्याच्यावर सहसा दावा लावता येत नाही. नोंदणी सक्तीची नाही, असं सांगून ती टाळायला सांगणारे बरेच भेटतात. ते एवढंच सांगतात, पुढचं सांगत नाहीत.

आपल्याकडची खास मेख म्हणजे सामाईक सातबारा. ज्या जागेवर तुम्ही खोल्या बांधता तिच्यावर मुंबई-ठाण्यातल्या चुलत्यांची नावं असतात. धंदा चालत नाही तोवर कुणी विचारत नाही. चालला, की गणपतीत आलेली भावकी अंगणातल्या गाड्या मोजते. बांधकामाआधी सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्या. जागा धंद्यात वापरायची असेल तर तिचं भाडं आणि भागीदारीतला वाटा या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहा, नाहीतर पुढे जागाच फर्मची आहे की मालकाची यावरून वाद होतो.

तोंडी भागीदारी आधीच सुरू असेल तर? जून-जुलैत, धंदा थंड असताना, एकत्र बसा. पहिल्या बैठकीत वाट्याचा विषय काढू नका. आजच्या तारखेला कुणाचे किती पैसे अडकलेत, कुठलं सामान कुणाचं, कुणाचं किती देणं आहे, एवढंच लिहून सगळ्यांनी सह्या करा. आकड्यांवर एकमत झालं की पुढचं अर्धं भांडण मिटतं. मग स्टँप पेपरवर करारनामा करून फर्म निबंधकांकडे नोंदणी करा. त्यात एक कलम विसरू नका: कुणी बाहेर पडला किंवा गेला तर काय. काही ठरलेलं नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपते. घरातल्या माणसांत हा विषय काढणं अवघड असतं, हे मान्य. वकिलाला काढू दे.

माझं मत विचाराल तर यातल्या निम्म्या भागीदाऱ्यांची गरजच नसते. मावसभावाला धंदा करायचाच नसतो, त्याचे पैसे सुरक्षित परत यावेत एवढंच त्याला हवं असतं. मग ते कर्ज म्हणून लिहा, व्याज ठरवा आणि मोकळे व्हा.

कमिशन लपवणं

होमस्टेवाला होडीवाल्याकडे पाहुणे पाठवतो, होडीवाला खानावळीत, रिक्षावाला सगळ्यांकडे. यात गैर काहीच नाही, आपली किनारपट्टी यावरच चालते. घोळ होतो तो कमिशन लपवून होडीचा दर गिऱ्हाईक बघून बदलला जातो तेव्हा. डॉल्फिन बघायला गेलेल्या दोन कुटुंबांची होडीतच गाठ पडते, एकाने जास्त भरलेले निघतात, आणि त्याचा राग पाहुणा होडीवाल्यावर न काढता तुमच्या गुगल रिव्ह्यूवर काढतो. सीझनच्या तोंडाला, दिवाळीआधी, दर आणि कमिशन दोन्ही ठरवून घ्या. हिशेब आठवड्याला मिटवा. खोलीत भिंतीवर होडीचा दर, वेळ आणि फोन नंबर लावून टाका.

खोल्या भरल्यावर पाहुणे शेजाऱ्याकडे पाठवताना "ही खोली माझी नाही, पण माझ्या ओळखीची आहे" हे पाहुण्याला आधीच सांगा. पाणी गेलं, एसी बंद पडला, की फोन तुम्हालाच येणार आहे. तेव्हा शेजारी निवडताना त्याच्या खोल्या एकदा डोळ्याने बघून या. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवांच्या हंगामात पाहुण्यांची सोय गावातल्या घराघरांत होते. तिथे लोक कासवांसाठी येतात, एखाद्याच्या खोलीसाठी नाही, आणि त्याचा फायदा अनेक घरांना मिळतो. आपल्या वाडीत लोक नक्की कशासाठी येतात, याचं उत्तर शेजाऱ्यांनी मिळून शोधलं तर दरयुद्ध आपोआप कमी होतं.

प्रदर्शनात माल विकून परत येणं

मुंबईतल्या मालवणी जत्रांत आणि कोकण महोत्सवांत स्टॉल लावायला आपण उत्साहाने जातो. तीन दिवसांत माल संपतो, आपण खूश. पण आगळ कुणी नेलं, काजू कुणी नेले, एकाचाही नंबर आपल्याकडे नसतो. पुढच्या वर्षी पुन्हा शून्यापासून सुरुवात. पेमेंटच्या कोडशेजारी एक वही ठेवा आणि विचारून नाव-नंबर लिहून घ्या. त्याच वहीत शेजारच्या स्टॉलवाल्यांचेही नंबर घ्या. तुमच्याकडे कुळीथ पीठ नाही, त्याच्याकडे कोकम नाही, खरी दोस्ती इथून सुरू होते.

दुकानदाराशी बोलणी फिसकटतात ती बहुधा लेबलमुळे. एका बचत गटाची बाटली बघा. पाण्याची जुनी बाटली, त्यावर झेरॉक्सची चिठ्ठी: "कोकम आगळ, घरगुती" आणि मोबाइल नंबर. वजन नाही, घटक नाहीत, तारीख नाही, कमाल किंमत नाही, शाकाहाराचं हिरवं चिन्ह नाही, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक नाही. दादरचा दुकानदार ही बाटली ठेवूच शकत नाही, माल कितीही अस्सल असो. आणखी एक गोष्ट लेबलवर हवीच: वापरायचं कसं. आगळ म्हणजे मीठ घातलेला अर्क, सोलकढीसाठी. शहरातलं गिऱ्हाईक तो सरबत समजून पाण्यात ओततं, साखर टाकतं, तोंड वाकडं करतं आणि एक तारा देऊन मोकळं होतं. "सोलकढीसाठी, खारट, सरबत नव्हे" एवढे शब्द छापले की ही तक्रार संपते.

चाकरमान्यांबद्दल थोडं. गणपतीला घरोघरी येणारा हा माणूस परत जाताना सोसायटीभर तुमची जाहिरात करू शकतो. आपण मात्र त्याला गावचा भाव आणि उधारी देऊन बसतो, मग पैसे मागायची लाज वाटते आणि ओळखही जाते. त्याला एक पाकीट चवीला फुकट द्या, पण विकत नेईल त्याचे पैसे रोख घ्या.

रील सुंदर, माहिती गायब

सूर्यास्त, ड्रोनने टिपलेला किनारा, खाली एखादं गाणं. गाव कुठलं, खोलीचा दर काय, संपर्क कुठे? काही नाही. रात्री साडेनऊला पुण्याहून मेसेज येतो: "दोन फॅमिली, २५ ते २७, रेट काय?" दुसऱ्या दिवशी अकराला आपलं उत्तर जातं: "कॉल करा." तोवर त्याने दुसरीकडे पैसे भरलेले असतात. दर लपवल्याने गिऱ्हाईक फोन करतं, हा समज सोडा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये क्विक रिप्लाय आहे, त्यात दर, जेवणाचा खर्च, चेक-इनची वेळ आणि नकाशा लिहून ठेवला की एक चिन्ह टाकून पूर्ण उत्तर जातं.

ब्रॉडकास्टबद्दल एक हमखास गैरसमज: ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो मेसेज पोचतच नाही. "दोनशे जणांना पाठवलं, कुणी विचारलंच नाही" याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. पार्सलमध्ये "आमचा नंबर सेव्ह करा" अशी चिठ्ठी टाका.

गुगलवरची खूण स्वतः गाडीने जाऊन तपासा. मुरुड रायगडात आहे आणि दापोलीतही. वेळास मंडणगडात आहे, श्रीवर्धनमध्येही. भलत्या मुरुडला पोचलेल्या कुटुंबाला मुलं पेंगत असताना खाडी ओलांडून परत या म्हणणं फार जड जातं. तालुका नावातच घाला.

आंब्याच्या बुकिंगमध्ये तारीख देऊ नका. मोहोर लांबला की "१० एप्रिलला घरपोच" ही ओळ तुमच्या गळ्याशी येते. "पहिल्या तोडीला" असं लिहा. हापूसमध्ये साका निघतो, म्हणजे बाहेरून चांगल्या फळाचा आतला गर खराब निघतो, हे आपल्याला ठाऊक असतं, शहरातल्याला नसतं, त्याला ती फसवणूक वाटते. "साका निघाल्यास कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, भरपाई मिळेल" हे पेटीसोबतच जाऊ दे. आणि बाहेरचा आंबा मिसळून हापूस म्हणून विकणाऱ्यासोबत नाव जोडू नका. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, गिऱ्हाईक आता प्रश्न विचारतं.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात पेजवर "आजची ताजी सुरमई" झळकत असेल तर जाणकार हसतात. तेव्हा सुकट, कुळथाची पिठी, फणसाची भाजी दाखवा, पावसाळ्यात येणाऱ्याला तेच हवं असतं. कासवाची पिल्लं हातात धरलेले फोटो तर अजिबात नकोत. ऑलिव्ह रिडले हे आपल्याकडचं समुद्री कासव वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे.

इन्फ्लुएन्सरला फुकट राहू देणार असाल तर किती रील, कधी, कुठल्या पेजवर, हे मेसेजमध्ये तरी लिहून घ्या. फुकट मुक्काम हाही मोबदलाच, आणि तो उघड सांगावा लागतो. तशा मार्गदर्शक सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये काढल्या आहेत.

शेवटचं, आणि दर पावसाळ्यात कुणी ना कुणी हे घेऊन येतंच: पेज पुतण्याने उघडलं, तो नोकरीला पुण्याला गेला, पासवर्ड त्याच्याकडे, आणि त्याचाही नंबर बदलला. धंद्याचा स्वतंत्र ईमेल काढा, इन्स्टाग्राम आणि गुगल प्रोफाइल त्यावर घ्या, द्विस्तरीय पडताळणी मालकाच्या फोनवर ठेवा. गुगलवर मालक तुम्ही राहा आणि पुतण्याला मॅनेजर करा. त्याला काढून टाकू नका, रील तोच चांगली करतो.